मुक्ता, गार्गी, रेवा की अनसूया? आत्याच्या वहीतली चार नावं

आमच्याकडे बारसं दोन आठवड्यांवर आलंय आणि आत्या मी आहे. पाळण्यात वाकून कानात ‘कुर्रर्र’ करायचं मी, आणि त्याबद्दल बायकांचे धपाटे पाठीत खायचे तेही मीच. नाव मात्र मी एकटीने ठरवायचं नाही. घरात त्यावर चार पक्ष आहेत. वहिनीला रेवा हवंय, कारण तिच्या वडिलांनी निवृत्तीनंतर नर्मदेची परिक्रमा पायी केली. आईला अनसूया हवंय. ती पौर्णिमा चुकवत नाही, नरसोबाच्या वाडीला जातेच. भावाला गार्गी आवडतं, का ते त्याला सांगता येत नाही. आणि माझ्या वहीत पहिल्या ओळीवर मुक्ता लिहिलंय. तेव्हा हा आढावा तटस्थ नाही, हे आधीच कबूल करते.

नावांच्या याद्या चाळल्या तर एकेका शब्दात निकाल लागलेला दिसतो. गार्गी म्हणजे ज्ञानी. मुक्ता म्हणजे मोती. रेवा म्हणजे नदी. अनसूया म्हणजे पतिव्रता. यातले दोन अर्थ अर्धे आहेत आणि दोन चक्क चुकीचे. मुलगी सहा-सात वर्षांची झाली की एखाद्या दुपारी विचारणारच, ‘माझं नाव हेच का ठेवलं?’ तेव्हा तिला बसवून काय सांगता येईल, हा मी चारही नावांना लावलेला निकष. बाकी सगळं, म्हणजे पत्रिका, स्पेलिंग, चिडवाचिडवी, त्याच्या मागून.

गार्गी

भावाच्या पसंतीपासून सुरुवात करते, कारण या नावाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘गार्गी’ या शब्दात ज्ञानाचा काही संबंध नाही. गर्ग ऋषींच्या गोत्रातली ती गार्गी. म्हणजे आजच्या हिशेबात ते आडनावाच्या जवळचं. एखादीला आपण नुसतं ‘कुलकर्णीबाई’ म्हणावं तसं. बृहदारण्यक उपनिषदात तिला गार्गी वाचक्नवी म्हटलंय, वाचक्नवी हे वडिलांच्या नावावरून. तिचं स्वतःचं, आईने हाक मारायचं नाव काय होतं, ते त्यात कुठेच येत नाही.

मग ‘ज्ञानी’ कुठून आलं? तिने जे केलं त्यातून. विदेहाच्या जनक राजाने यज्ञात हजार गाई उभ्या केल्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं बांधलं आणि जमलेल्या ब्राह्मणांना म्हणाला, तुमच्यातला जो सर्वश्रेष्ठ ब्रह्मज्ञानी त्याने या न्याव्यात. कोणी हलेना. याज्ञवल्क्याने सरळ शिष्याला सांगितलं, हाक रे घरी. सभा खवळली, एकेक जण त्याला प्रश्न विचारायला उठला. गार्गी उठली तेव्हा तिने विचारलं: हे सगळं पाण्यावर ओतप्रोत आहे, तर पाणी कशावर ओतप्रोत आहे?

आपण मराठीत ‘आनंदाने ओतप्रोत’ म्हणतो तो हाच शब्द. तो मुळात विणकराचा: ओत आणि प्रोत म्हणजे उभे-आडवे विणलेले धागे. जगाचं कापड कोणत्या मागावर विणलंय, असा तिचा प्रश्न. वारा, अंतरिक्ष, सूर्यलोक, चंद्रलोक अशी ती एकेक पायरी वर सरकत गेली आणि ब्रह्मलोकाशी आल्यावर याज्ञवल्क्य म्हणाला, आता पुरे, अतिप्रश्न केलास तर डोकं गळून पडेल. ती गप्प बसली.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात आणि मुलींना वाटतं, हिला दटावून बसवलं. उपनिषदात मात्र ती थोड्या वेळाने पुन्हा उठते. सभेची परवानगी घेते आणि म्हणते, काशीचा किंवा विदेहाचा वीर जसा धनुष्याला दोरी लावून दोन बाण घेऊन उभा ठाकतो, तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे. या वेळी उत्तर मिळतं, ‘अक्षर’ म्हणजे कधीच न झिजणाऱ्या ब्रह्माचं. ते ऐकून ती वळते आणि सभेतल्या विद्वानांना सांगते: याला नुसता नमस्कार करून तुमची सुटका झाली तरी पुष्कळ समजा. वादाचा निकाल देते ती. तिच्यानंतर शाकल्य उठतो, थांबत नाही, आणि त्याचं डोकं खरोखरच गळून पडतं.

या नावाचा आध्यात्मिक अर्थ म्हणाल तर मला तो इथे दिसतो. भक्ती नाही, शरणागती नाही, प्रश्न हीच साधना. कुठे थांबायचं ते कळणं आणि तोच प्रश्न नीट घासून पुन्हा विचारणं. सात वर्षांच्या मुलीला ही गोष्ट कापड हातात धरून सांगता येते. भावाला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘एवढं होतं होय? मला फक्त आवाज आवडला होता.’

मुक्ता

मुच् धातूपासून मुक्त, म्हणजे सुटलेली, बंध उरला नाही अशी. संस्कृतात ‘मुक्ता’ म्हणजे मोतीही, म्हणून तर मुक्ताफळ. याद्यांमध्ये मोत्याचा अर्थ आधी येतो, तो दागिन्यासारखा दिसतो म्हणून असेल. पण महाराष्ट्रात हे नाव उच्चारलं की दागिना आठवत नाही, मुक्ताबाई आठवते.

तेराव्या शतकातली ही मुलगी निवृत्ती, ज्ञानदेव आणि सोपान यांच्या पाठची, सर्वांत धाकटी. संन्याशाची पोरं म्हणून गावाने वाळीत टाकलेली. एकदा कुणीतरी अपमान केला आणि ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर उभी राहून ही धाकटी बहीण त्यांना समजावते, तेच ताटीचे अभंग. ‘विश्व रागे झाले वन्हि, संतें सुखें व्हावें पाणी.’ जग रागाने पेटलं तर संताने पाणी व्हावं. ज्या भावाला पुढे आख्खा महाराष्ट्र माउली म्हणाला, त्याला हे ऐकवणारी तेव्हा कोवळी पोर होती. घरात धाकट्यांनी बोलायचं नसतं, ही आपली रीत तिथे किती सहज बाजूला पडते ते पाहा.

चांगदेवांचंही तसंच. चौदाशे वर्षं तप केलेले, वाघावर बसून आलेले, अशी त्यांची ख्याती. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र धाडलं ते कोरंच, कारण मायना काय लिहावा हेच सुचेना: वयाने लहान, अधिकाराने मोठे. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगूनही हे कोरेच राहिले. पुढे चांगदेवांनी तिलाच गुरू केलं. मांड्यांची गोष्ट तर आजही कीर्तनात हमखास: विसोबाने कुंभाराकडून खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवून पाठ तापवली आणि मुक्ताने पाठीवर मांडे भाजले. मुलांना ही गोष्ट इतकी आवडते की पाठीला हात लावून ‘चटका बसला’ खेळतात.

आता आईची हरकत. ती खरी आहे, तिला उडवून लावू नये. मुक्ताबाई अठराच्या आसपास गेली. तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. आई म्हणते, ‘इतक्या कोवळ्या वयात गेलेलीचं नाव कशाला?’ दुसरी शंका शेजारच्या काकूंची: ‘मुक्ता म्हणजे सुटलो एकदाचे, असं नाही ना वाटणार?’ ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्याकडे नको असलेल्या मुलीला ‘नकुशा’ म्हणायची रीत होती. २०११ मध्ये साताऱ्यात अशा शेकडो मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली गेली. त्या मातीत काकूंची शंका उगवली तर नवल नाही.

माझं उत्तर असं. मुक्ताईनगरहून तिची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते. सर्वांत लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ती एक, महिनाभर चालत येते. त्या वाटेवर कुणी ‘बिचारी लवकर गेली’ म्हणत नाही, ‘आदिशक्ती मुक्ताबाई’ म्हणतात. आणि दुसरी मुक्ता विसरू नये: जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे. मातंग समाजातल्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. तिने धर्मालाच जाब विचारला होता. एकाच नावाच्या दोघी, सुमारे साडेपाचशे वर्षांच्या अंतराने, दोघी किशोरवयात, दोघी मोठ्यांना सुनावणाऱ्या. हा योगायोग आहे हे मला कळतं. तरी मी वहीत त्याखाली रेघ मारलीय.

रेवा आणि अनसूया

रेवा म्हणजे कोणतीही नदी नव्हे, नर्मदा. धातूकडे गेलं तर उड्या मारत जाणारी. कालिदासाच्या मेघदूतात ती विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर फुटून पसरलेली दिसते, हत्तीच्या अंगावर काढलेल्या नक्षीसारखी. अमरकंटकला उगम, १,३१२ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत भरूचपाशी समुद्र. आपल्या नंदुरबारला तिचा थोडासाच काठ लागतो, पण परिक्रमेच्या वाटेवर मराठी माणूस हटकून भेटतो. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे, तीही एक ओढ. पूर्ण विधीची परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये ओलांडायची नाही. गंगेत स्नान करावं लागतं, नर्मदेचं नुसतं दर्शन पुरतं, ही श्रद्धा.

वहिनीच्या सांगलीच्या घरी देव्हाऱ्यात तिच्या वडिलांनी आणलेला नर्मदेतला गोटा आहे. पाण्याने इतका घासलाय की तळहातात धरला तर साबणाच्या वडीसारखा निसटतो. ‘नर्मदेचे कंकर, सगळे शंकर’ म्हणत ते तो दाखवतात. रेवासाठी यापेक्षा मोठं कारण कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. अडचण एकच: या नावामागे बाई नाही, नदी आहे. मुलीला सांगायची गोष्ट आजोबांची होईल. काहींना तेच अधिक आवडेल, आणि त्यात काही गैर नाही.

अनसूया. चौघींत अर्थाने सर्वांत नेमकं नाव हेच. अन् अधिक असूया. असूया शब्द आपण मत्सर म्हणून रोज वापरतो, पण अमरकोशात त्याची बारीक व्याख्या आहे: गुणांमध्येही दोष काढणं. ज्याच्यात हे नाही तो अनसूयु. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत कृष्ण अर्जुनाला सांगतो, सर्वांत गुप्त ज्ञान तुला देतो, कारण तू अनसूयु आहेस. म्हणजे हे नाव सद्गुणापेक्षा पात्रतेचं आहे; दुसऱ्याचं चांगलं दिसलं की खोट न शोधणं, ही शिकण्याची पहिली अट. ‘पतिव्रता’ हा अर्थ तिच्या कथेतून वर चिकटलेला.

ती कथा मात्र लहान मुलीला सांगताना जीभ अडखळते. तिन्ही देव अत्रींच्या आश्रमात भिक्षेला येतात आणि विवस्त्र होऊन वाढ म्हणतात. घराघरांत हा भाग गिळून ‘तिने देवांची बाळं केली’ एवढंच सांगतात, आणि दत्तजयंतीला पाळणा हलवतात. मला विचाराल तर गिळू नये. मुलगी मोठी झाली की पूर्ण सांगावी: परीक्षा घ्यायला आलेले तिघे रांगायला लागले, आणि त्यांना सोडवायला त्यांच्या तिघी बायकांना हिच्याच दारात यावं लागलं. माहूरला गेलात तर अनसूयेचं शिखर दत्तशिखराच्या जवळच आहे. आईने ते चढताना गुडघ्याला बांधलेला पट्टा अजून जपून ठेवलाय.

शास्त्राला विचारलं तर

गंमत म्हणून जुने नियमही लावून पाहिले. मनुस्मृती म्हणते मुलीचं नाव उच्चारायला सोपं, अर्थाने स्पष्ट, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं हवं. इथवर चारही पास. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं अक्षरं विषम हवीत, शेवट आकारान्त हवा आणि शब्द तद्धित, म्हणजे दुसऱ्या नामाला प्रत्यय लागून बनलेला, हवा. मुक्ता, रेवा, गार्गी दोन अक्षरी, अनसूया चार अक्षरी. चौघी नापास. तद्धिताची अट एकटी गार्गी पाळते, पण ती ईकारान्त! वर मनू पुढे असंही सांगतो की नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये. म्हणजे रेवा गेली, आणि तिच्याबरोबर आपल्या सगळ्या पणज्या गेल्या: गंगा, यमुना, गोदावरी, रोहिणी. समाजाने हा नियम कधीच मनावर घेतला नाही हे उघड आहे. आणि गृह्यसूत्रात नाव ठेवतो तो बाप. आत्याचं नावही नाही. मग मी सूत्र मिटून ठेवलं.

पत्रिकेचं अक्षर पाळणाऱ्यांसाठी: ‘मु’ मघाच्या तिसऱ्या चरणात येतं, ‘गा’ धनिष्ठाच्या पहिल्या, ‘रे’ स्वातीच्या दुसऱ्या आणि ‘अ’ कृत्तिकेच्या पहिल्या. तुमच्या बाळाचं नक्षत्र यातलं असेल तर प्रश्न आपोआप सुटला. नसेल तर नावरस नाव वेगळं ठेवतातच, त्यासाठी अडून राहू नका.

रोजच्या वापरात

चिडवणं कोणत्याच नावाला चुकत नाही. गार्गीचं ‘गारेगार’ होणार, रेवाची ‘रेवडी’, मुक्ताला कुणीतरी ‘मुकी’ म्हणणार, आणि अनसूयेचं तर चिडवायच्या आधीच घरच्याघरी ‘अनुसया’ होतं. लाडाने मात्र मुक्ता सर्वांत गोड वळते: मुक्ते, मुक्ताई, मुक्ताबाई, रागावर अवलंबून. पहिलीतल्या मुलीला स्वतःचं नाव आधी लिहिता येईल ते रेवा, दोन सुटी अक्षरं. ‘क्ता’चं जोडाक्षर आणि गार्गीचा रफार यायला वेळ लागतो. आमच्या नात्यातली एक गार्गी वर्षभर रफार ‘गा’च्या डोक्यावर द्यायची.

परदेशाचा विचार करताना सगळे ‘परदेशात सोपं’ एवढंच म्हणतात, पण कोणता परदेश? इंग्रज मुक्ताचं ‘मक्ता’ आणि गार्गीचं ‘गार्जी’ करेल, रेवाची ‘रीव्हा’. भाऊ म्युनिकला राहतो. तिथे जर्मन माणूस मुक्ता आणि गार्गी जवळजवळ बरोबर वाचतो, फक्त त चा ट होतो. उलट सोपं समजलं जाणारं रेवा तिथे धोक्यात, कारण ते लोक ‘एव्हा’ नावाला ‘एफा’ म्हणतात. रेफा होण्याची तयारी ठेवावी लागेल. अनसूयेचं रोमन स्पेलिंग चार जणांकडून चार प्रकारचं निघेल. दाखल्यावर, पासपोर्टवर आणि शाळेत एकच राहील याची जबाबदारी आईबापांची.

घाई मात्र नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नावाची नाही. नावाशिवाय नोंद झाली तर नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

मग कोणतं?

घरात एखाद्या जागेशी, एखाद्या माणसाच्या पायपिटीशी नाव जोडायचं असेल तर रेवा घ्या, आणि धातू, व्याकरण विसरा. दत्तसंप्रदायाचं घर असेल आणि आजी हाक मारायला घरात असेल तर अनसूया. पण तो अर्थ रोज वागवायला कठीण आहे, आधी मोठ्यांनाच. गार्गी आणि मुक्ता यांच्यात निवडायचं तर आपल्या घरात मोठ्याने प्रश्न विचारलेले खपतात का, हे प्रामाणिकपणे पाहा. गार्गीला सभा लागते. मुक्ताला एक रुसलेला भाऊ आणि बंद दार पुरतं, आणि तसं दार प्रत्येक घरात असतं. शिवाय गार्गीने सभेला सुनावलेल्या त्या शेवटच्या वाक्यात, ‘नमस्काराने सुटाल’ म्हणताना, तिने जो धातू वापरला तो मुच्. मुक्ताचाच. हे भावाला सांगितल्यावर तो जरा नरमला.

आमच्याकडे अर्धा तिढा गुरुजींनी सोडवला. बाळाचं नक्षत्र अनुराधा, चरण पहिला, अक्षर ‘ना’. वहिनीच्या लक्षात आधी आलं: ‘नर्मदा!’ तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने लिहायच्या नावांपैकी नक्षत्रनाम नर्मदा, देवाच्या नावाच्या ओळीवर आईची अनसूया. हाक मारायच्या नावासाठी दोघी उरल्या. काल रात्री वहिनीचा फोन आला. म्हणाली, ‘ताई, दोन्ही नावांनी हाक मारून पाहिली. मुक्ता म्हटल्यावर तिने मान वळवली.’ तीन आठवड्यांचं बाळ कशालाही मान वळवतं, हे मी तिला सांगितलं नाही.